भिंगरी पिंजऱ्याबाहेर कशी आहे?

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते आणि दर रविवारी शहराबाहेरच्या एका प्राण्यांच्या शेल्टरमध्ये सेवेला जाते. तिथे दीड वर्षाची एक गावठी कुत्री आहे. सहा-सात महिन्यांची असताना गाडीची धडक बसून तिचा मागचा पाय मोडला, तेव्हापासून ती तिथेच आहे. पाय आता भरून आला आहे, नसबंदी आणि लसी झाल्या आहेत. पिंजऱ्यात ती सतत गोल गोल फिरते, म्हणून आम्ही तिचे नाव भिंगरी ठेवले. रोज अर्धा तास तिला आवारात सोडतात, तेवढ्यात ती सगळ्यांना दमवते. आतापर्यंत दोन घरांनी तिला नेले आणि परत आणून सोडले. पहिल्या घरी तिने आजोबांच्या अंगावर उडी घेऊन त्यांना पाडले, म्हणून चौथ्या दिवशी. दुसऱ्या घरी चपला, सोफ्याची उशी कुरतडली आणि फिरायला नेताना पट्टा ओढून हात दुखवला, म्हणून नवव्या दिवशी. आता दिंडोरीकडच्या एका बागायतदाराने तिला मळ्यावर राखणीसाठी मागितले आहे. शेल्टरमधले सगळे म्हणतात, मोकळी हवा आहे, मोठी जागा आहे, देऊन टाकू. माझे मन मात्र धजत नाही. आमचे घर वन बीएचके आहे आणि आईला कुत्र्यांची सवय नाही. मी काय करावे?
– एक स्वयंसेविका, इंदिरानगर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. पिंजऱ्यात ती सतत गोल फिरते म्हणून तिचे नाव भिंगरी पडले, असे तुम्ही लिहिले आहे. नाव मायेनेच ठेवलेले असणार. पण एकाच जागी तासन् तास गिरक्या घेणे याला उत्साह म्हणता येत नाही. प्राणिसंग्रहालयातला वाघ गजांना लागून त्याच चार पावलांत येरझारा घालतो, तसाच हा प्रकार आहे. करायला काहीच नसलेल्या आणि बाहेर पडता न येणाऱ्या जनावराला स्वतःपुरती सापडलेली ती हालचाल असते, आणि एकदा अंगवळणी पडली की ती सहजासहजी सुटत नाही. क्वचित तिच्यामागे दुखणेही असते. म्हणून सर्वांत आधी एक काम करा. ती नेहमी एकाच बाजूने फिरते की दोन्ही बाजूंनी, फिरताना मान कलती ठेवते का, थांबल्यावर मोडलेल्या पायावर पूर्ण भार टाकते का, हे मोबाईलवर पाच मिनिटे टिपून पशुवैद्यकांना दाखवा आणि तिचे कानही तपासून घ्या. कानाचा संसर्ग, मज्जासंस्थेचा त्रास किंवा जुन्या हाडाची ठणक यातले काही निघाले, तर आधी उपचार आणि मग घराचा शोध.

तपासणीत काही निघाले नाही, तर मग हिशेब सरळ आहे. दिवसाचे साडेतेवीस तास जी कोंडलेली आहे, ती उरलेल्या अर्ध्या तासात शांत बसेल अशी अपेक्षा आपण माणसाकडूनही करणार नाही. शिवाय तिचे वय पाहा. सहा महिन्यांपासून साधारण दोन वर्षांपर्यंतचा काळ हा कुत्र्याचा पौगंडकाळ असतो. अंग वाढलेले, समज यायची बाकी आणि दिसेल ते तोंडात धरून पाहायची ओढ. घरात कसे वागावे हे पिल्लू ज्या महिन्यांत शिकते, नेमके तेच महिने भिंगरीने पिंजऱ्यात काढले. सोफा म्हणजे काय, दारावरची बेल म्हणजे काय, म्हातारे माणूस सावकाश चालते म्हणजे काय, हे तिला कोणी दाखवलेच नाही. त्या दोन घरांना मी दोष देणार नाही, आणि तिलाही नाही. तिच्यातली चंचलता वयाची किती, पिंजऱ्याची किती आणि खरोखर तिच्या स्वभावातली किती, हे आज कोणालाच ठाऊक नाही. तुम्हालाही नाही, कारण तुम्ही तिला फक्त रविवारी, फक्त शेल्टरमध्ये पाहिले आहे. ज्या कुत्रीची ओळखच झालेली नाही, तिच्यासाठी योग्य घर कसे शोधणार?

तेव्हा माझा पहिला सल्ला असा की, कायमच्या घराआधी तिला सात रात्रींचे घर द्या, आणि शक्य असेल तर ते तुमचे असू द्या. अमेरिकेतल्या शेल्टरांमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक-दोन रात्रींसाठी घरी नेलेल्या कुत्र्यांच्या शरीरातले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, त्या काळात कमी झालेले आढळले. परत आल्यावर ते पुन्हा पूर्वीच्या पातळीकडे गेले, पण त्याहून वर चढले नाही. म्हणजे सात दिवसांनी तिला परत सोडावे लागले, तरी आपण तिचे वाईट केले असे मनाला लावून घेऊ नका. आईला "कुत्रा पाळूया का" असे विचारू नका. "पुढच्या रविवारपर्यंत एक पाहुणी ठेवू, तिचे सगळे मी करीन, स्वयंपाकघरात येऊ देणार नाही आणि रविवारी परत नेईन" असे सांगा, आणि शब्द तंतोतंत पाळा. आई तरीही नाही म्हणाली, तर तो तिचा अधिकार आहे; मग शेल्टरच्या ओळखीतले, कुत्र्याची सवय असलेले एखादे फोस्टर घर, म्हणजे तात्पुरते सांभाळणारे घर, विचारा.

या सात दिवसांत तिला पळवून दमवण्याच्या मागे लागू नका. सगळेच हा सल्ला देतात, आणि हाडाच्या डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय तर तिला पळवायचेच नाही. शिवाय नुसते पळवून कुत्र्याचा दम वाढतो, मन भरत नाही. मन भरते ते हुंगण्याने. पहाटे सहाच्या आत गोदापार्कच्या बाजूला किंवा तुमच्याच कॉलनीतल्या मोकळ्या रस्त्यावर तिला लांब पट्ट्यावर न्या आणि ती जिथे थांबेल तिथे थांबा. विजेच्या एका खांबापाशी तिने तीन मिनिटे घालवली तरी ओढू नका. घरी आल्यावर जुना टॉवेल जमिनीवर पसरा, त्यावर ज्वारीच्या भाकरीचे नखाएवढे वीस तुकडे ठेवा, टॉवेल सैल गुंडाळा आणि तिच्यापुढे ठेवून बाजूला बसा. पहिल्यांदा ती टॉवेलच ओढत खोलीभर नेईल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी नाक घडीत खुपसून, शेपूट सावकाश हलवत, एकेक तुकडा शोधून काढेल. पंधरा मिनिटांनी ती फरशीवर कुशीवर पडून लांब श्वास सोडेल, तो क्षण जरूर पाहा. तो तुम्हाला आवारातल्या अर्ध्या तासात कधीच दिसला नसेल.

उड्यांचे म्हणाल, तर ती अंगावर येताच ओरडू नका आणि हाताने ढकलूही नका, कारण ढकलणे तिला खेळ वाटतो. पाठ फिरवून गप्प उभे राहा, आणि चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच खाली वाकून हात लावा. घरातल्या प्रत्येकाने प्रत्येक वेळी हेच केले, तर आठवड्यात फरक दिसू लागतो. एकानेही मध्येच लाडाने अंगावर घेतले, की पुन्हा पहिल्यापासून. ओढण्यावर उपाय म्हणून गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस घ्या. चपला मात्र कपाटात ठेवा. तो प्रश्न शिकवण्याने लगेच सुटणारा नाही, कपाटाने सुटतो.

आणि रोज रात्री वहीत लिहा : आज किती तास झोपली, एकटी असताना किती वेळ रडली, गिरक्या किती वेळा घेतल्या, मांजर दिसल्यावर काय केले, लहान मूल दिसल्यावर काय केले. सातव्या दिवशी तुमच्या हातात त्या कुत्रीची जी माहिती असेल, तिच्यावर पुढचे सगळे उभे आहे.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक तांबडा कुत्रा माझ्याकडे काही आठवडे होता. तो कोणाच्या तरी घरी लागावा या घाईत फोनवर विचारणाऱ्या एका वयस्क जोडप्याला मी सांगितले, "शांत आहे हो, काही त्रास देणार नाही." तो शांत नव्हता, हे मला माहीत होते. प्रेम मिळाले की शांत होईल, अशी माझी समजूत होती. सहाव्या दिवशी ते दोघे रिक्षाने त्याला घेऊन आले. काकूंच्या मनगटाला पट्ट्याने कापल्याची खूण होती आणि मला बोल लावण्याऐवजी त्याच माझी माफी मागत होत्या. रिक्षा वळून गेली, तरी तो फाटकाच्या सळ्यांत तोंड घालून रस्त्याकडे बघत उभा राहिला. अंधार पडला, ताटली पुढे सरकवली, तरी तो तिथून हलला नाही. त्या कुत्र्याला नंतर चांगले घर मिळाले, पण ती संध्याकाळ माझ्या एका खोट्या वाक्यामुळे त्याच्या वाट्याला आली होती.

आता मळ्याचे. आपल्या नाशिकमध्ये अवखळ कुत्र्याचा विषय निघाला की "मळ्यात देऊन टाका" हे उत्तर तोंडावर तयार असते. त्यामागे वाईट हेतू नसतो, आणि कुत्र्यांना घरच्यासारखे ठेवणारी शेतकरी कुटुंबे मी स्वतः पाहिली आहेत. पण राखणीसाठी मागितलेला कुत्रा बहुतेक ठिकाणी दिवसा साखळीला असतो, कारण तो मोकळा राहिला तर शेजारच्या मळ्यात जातो, कोंबड्या धरतो. गोल फिरणाऱ्या भिंगरीला साखळीला बांधले, तर साखळीच्या लांबीएवढ्या वर्तुळात ती पुन्हा तेच करील. पिंजरा तेवढा अदृश्य होईल. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवायचे नाही, ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमानुसार मालकाने केलेली क्रूरता ठरते, हेही बागायतदारांना आदराने सांगायला हरकत नाही.

शिवाय दिंडोरीकडचा मळा म्हणजे बहुधा द्राक्षबाग, आणि तिचे स्वतःचे धोके आहेत. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषारी ठरू शकतात. काही कुत्र्यांची मूत्रपिंडे थोड्याशा द्राक्षांनीही निकामी होतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील हे आधी सांगता येत नाही. जे दिसेल ते तोंडात घालणारी दीड वर्षाची कुत्री आणि खुड्याच्या दिवसांत वेलीखाली पडलेले मणी, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. डावणी-भुरी या द्राक्षरोगांवरच्या फवारण्यांनंतरची ओली पाने आणि औषध कालवलेली पिंपे वेगळीच. त्याहून मोठी भीती बिबट्याची. दिंडोरी, निफाड, सिन्नर या पट्ट्यात ऊस आणि नदीकाठचे गवत यांच्या आडोशाने बिबटे वावरतात. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. रात्री साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळायलाही वाट नसते.

म्हणून त्या गृहस्थांना लगेच नाही म्हणू नका. एकदा मळ्यावर जाऊन या. त्यांच्याकडे आधी कुत्रा होता का आणि त्याचे काय झाले, हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर नीट ऐका. रात्री कुत्री घराच्या आत किंवा बंद पडवीत झोपणार असेल, दिवसा घरातले कोणीतरी तिच्याशी बोलणारे असेल, बागेत जायला तिला कुंपणाचा अडसर असेल, तर विचार करता येईल. खुंटा आणि साखळी आधीच तयार दिसली, तर चहा घेऊन परत या.

काही जण तुम्हाला असेही सांगतील की, तिला जिथून आणले तिथेच सोडा, नियमच तसा आहे. नियम आहे हे खरे : २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी केलेला भटका कुत्रा त्याच्या मूळ जागीच परत सोडायचा असतो. पण भिंगरी पिल्लू असताना उचललेली, पाय मोडलेली आणि वाहनांची सवय सुटलेली आहे. तिला त्या रस्त्यावर पुन्हा सोडणे मला योग्य वाटत नाही, आणि दुसऱ्याच अनोळखी वस्तीत नेऊन सोडणे तर नियमातही बसत नाही. दत्तक देण्याचा मार्ग पूर्ण उघडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही, ज्यांना भटका कुत्रा दत्तक घ्यायचा आहे त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी, असे म्हटले आहे. तेव्हा तिला नेणाऱ्याकडून दत्तकपत्रावर सही घ्या, त्यात "ठेवणे अशक्य झाल्यास आमच्याकडेच परत आणू" हे वाक्य ठळक लिहा, आणि महापालिकेकडे नोंद करायला सांगा.

घर कसे असावे, याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मोठ्या बंगल्याचा मोह धरू नका. अंगण असले की माणसे कुत्र्याला फिरवायचे सोडतात. "मागे सोडलेला असतो की" म्हणतात, आणि चार भिंतींचे अंगण कुत्रा दोन दिवसांत हुंगून संपवतो. त्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ पाऊणपाऊण तास न चुकता बाहेर पडणाऱ्या माणसाचा तिसऱ्या मजल्यावरचा लहान फ्लॅट भिंगरीला अधिक मानवेल. कविता राऊतसारखी धावपटू जिथे घडली आणि २०१५ साली अमेरिकेतली रॅम ही सायकल शर्यत पूर्ण करणारे डॉक्टर महाजन बंधू जिथले, त्या आपल्या शहरात पहाटे पाचला उठणाऱ्यांची वाण नाही. धावणाऱ्यांच्या, चालणाऱ्यांच्या, शनिवार-रविवारी रामशेज-अंजनेरीला जाणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर तिची माहिती द्या. (सायकलला बांधून पळवण्याची कल्पना कोणी काढली तर तिथेच थांबवा, तिच्या पायाला ते झेपणारे नाही.) आधीपासून एखादा समंजस कुत्रा असलेले घर मिळाले, तर फारच छान, अवखळ कुत्र्याला दुसरा कुत्रा जे शिकवतो, ते आपल्याला जमत नाही. चार-पाच वर्षांखालचे मूल किंवा तोल जाणारे वृद्ध माणूस घरात असेल, तर या वर्षी तरी तिथे देऊ नका, मग ते लोक कितीही चांगले असोत.

माहिती लिहिताना फोटो गजांतून काढू नका. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, उजेडात, फिरून आल्यावर जीभ बाहेर काढून बसलेली असताना काढा. आणि टॉवेलमधून भाकरी शोधतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडा. मजकूर साधारण असा असावा : "भिंगरी, दीड वर्ष, गावठी, नसबंदी व लसीकरण झालेली. भरपूर चालायला लागते, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. नवीन माणूस दिसला की आनंदाने अंगावर येते, हे सोडवणे चालू आहे. चपला कुरतडते. एकटी दोन तास राहते. दोनदा घरातून परत आली आहे. का, ते फोनवर मोकळेपणाने सांगू. ज्यांचे पाय घरात ठरत नाहीत, अशा माणसासाठी." यातले आकडे तुमच्या वहीतून भरा, माझ्या अंदाजाने नव्हे. या मजकुरामुळे फोन कमी येतील. जे येतील, त्यांना आपण काय घरी नेतो आहोत हे कळलेले असेल, आणि तुम्हाला शंभर फोन नको आहेत, एक हवा आहे.

तो आल्यावर उलटतपासणी करू नका, पण तीन गोष्टी विचारल्याशिवाय राहू नका : आषाढातल्या धो धो पावसात सकाळी सहाला तिला कोण नेणार, गावी किंवा लग्नाला गेल्यावर ती कुठे राहणार, आणि भाड्याचे घर असेल तर घरमालकाची लेखी संमती आहे का. सोसायटीवाले हरकत घेतील अशी शंका कोणी काढली, तर भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांचा आधार द्या. रहिवाशांच्या बहुमताने पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यात स्पष्ट केलेले आहे. मात्र शेजाऱ्यांशी कागद दाखवून बोलायची वेळ येण्याआधी, पहिल्याच दिवशी कुत्रीला घेऊन जाऊन ओळख करून द्यायला सांगा. जिन्यात घाण झाली तर लगेच पुसणे, हा सर्वांत प्रभावी युक्तिवाद आहे.

पहिले पंधरा दिवस फोस्टर म्हणून द्या, दत्तकपत्र त्यानंतर करा. तिसऱ्या घराला हे आधीच सांगा की, पहिले तीन दिवस ती बिथरलेली किंवा फारच गुमसुम असेल, घराची रीत कळायला तीनेक आठवडे लागतील आणि हे घर आपले आहे असे तिला वाटायला तीन महिने. तुमची दोन्ही घरे दहा दिवसांच्या आत थकली. म्हणजे तिला खरी संधी अजून मिळालेलीच नाही. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला नेण्याच्या क्षणापासून असू द्या, कारण नवीन घरातून कुत्री निसटतात ती पहिल्याच आठवड्यात, दार अर्धे उघडे राहिल्यावर. दिवाळीच्या आसपास तर देऊच नका. फटाक्यांत अनोळखी घर म्हणजे तिच्यासाठी दुहेरी भीती. तिसऱ्या, दहाव्या आणि एकविसाव्या दिवशी तुम्ही स्वतः फोन करा. "कशी आहे" असे विचारू नका, "आज काय कुरतडले" असे विचारा, म्हणजे लोक मोकळेपणाने बोलतात.

तोवर शेल्टरमध्येही एक बदल लगेच करता येईल. रोजचे खाणे ताटलीत एकदम न देता निम्मे आवारातल्या गवतात विखरून द्या आणि अर्ध्या तासाऐवजी वीस-वीस मिनिटांचे दोन फेरे करा. रविवारी तुम्ही गेलात की पिंजऱ्यासमोर आधी नुसत्या बसा. ती गिरकी थांबवून तुमच्याकडे पाहील, त्या क्षणी कडी उघडा.